थंडीत फुलणारा पॉलिमर आणि पाण्याची चाळण

साखर गरम पाण्यात पटकन विरघळते. पीनायपाम नावाच्या पॉलिमरचं, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थाचं, नेमकं उलटं आहे: थंड पाण्यात तो विरघळतो आणि पाणी तापलं की बाहेर पडतो. टोरांटोच्या हेस्किन्स आणि गिलेट या संशोधकांनी 1968 मध्ये हे मोजून दाखवलं. सीमारेषा साधारण 32 अंश सेल्सिअस. त्याखाली पॉलिमरची साखळी पाण्याच्या रेणूंना धरून सैल पसरते. त्यावर गेली की पाणी सोडून स्वतःतच गुंडाळली जाते. गंमत म्हणजे, ज्या रेणूपासून हा पॉलिमर बनतो, तो 1950च्या दशकात उंदीर पळवण्यासाठी तपासला गेला होता.

त्याच दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि भारतीय वंशाचे श्रीनिवास सौरीराजन समुद्राचं पाणी गोडं करणारा पडदा बनवत होते. आजच्या आरओची सुरुवात तिथली. पण पडद्याचं जुनं दुखणं म्हणजे त्यावर बसणारा थर: प्रथिनं, शेवाळ, जिवाणू. थर बसला की धार कमी होते आणि मग रसायनांनी धुणं आलं.

या दोन वाटा जवळ येण्याची एक खूण वैद्यकात दिसली. 1990 मध्ये जपानच्या तेरुओ ओकानो यांच्या गटाने पीनायपाम लावलेल्या बशीत पेशी वाढवल्या. बशी गार केल्यावर पेशी आपोआप सुटल्या, खरवडावं लागलं नाही. चिकटलेलं गारव्याने सुटत असेल, तर पडद्यावरचा थर का नाही? पीनायपाम छिद्रांत रुजवला की गार पाण्यात तो फुगून छिद्रं अरुंद करतो, गरम पाण्यात आक्रसून मोकळी करतो. या फुगण्या-आक्रसण्यात मळ निसटतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत माशेलकर, लेले, बडिगेर यांनी 1990च्या दशकात याच पॉलिमरच्या जेलमध्ये किती पाणी बांधलेलं राहतं, याचं गणित मांडलं.

मग असे पडदे घरोघरी का नाहीत? हजार लिटर पाणी 10 अंशांनी तापवायला जवळपास 12 युनिट वीज लागते. समुद्राचं तेवढंच पाणी आरओने गोडं करायला तीन-चार युनिट पुरतात. म्हणून सगळं पाणी तापवणं परवडत नाही, फार तर धुण्यापुरतं थोडं. शिवाय 32 अंश हा आकडा थंड देशांत सोयीचा. मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तो दुपारीच ओलांडतं, तिथे पडद्याला तापवायचं नाही, गार करायचं कसं हा प्रश्न पडेल.