आरशातला 'मी' मेंदू कशावरून ओळखतो?

आपल्या चेहऱ्याचा एक फोटो मेंदूत जपून ठेवलेला असतो आणि आरशात पाहिलं की मेंदू तो ताडून बघतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धवट आहे.

चेहरे ओळखणारी खास जागा मेंदूत आहे, हे खरं. मेंदूच्या तळाशी असलेला 'फ्युजिफॉर्म' भागातला एक पट्टा चेहरा दिसताच जागा होतो. मेंदूशास्त्रज्ञ नॅन्सी कॅनविशर यांनी १९९७ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं. पण हा पट्टा कुणाचाही चेहरा पाहून जागा होतो. त्यातला 'माझा' कोणता?

इथे मला सर्वांत विलक्षण वाटते ती वेळेची जुळणी. आरशासमोर उभं राहून गालावरून बोट फिरवून पाहा. मेंदू हाताला हुकूम देतो, तेव्हाच त्या हुकमाची एक प्रत संवेदना हाताळणाऱ्या केंद्रांकडेही जाते. त्वचा स्पर्श कळवते, डोळे बोट सरकताना पाहतात. हुकूम, स्पर्श आणि दृश्य एका तालात आले, की मेंदू म्हणतो, हा मीच. मेंदूचा कानशिलाजवळचा भाग (शंखखंड) आणि त्याच्या वरचा भाग (पार्श्विका खंड) जिथे भिडतात, तिथे या ताळमेळाचं बरंचसं काम चालतं.

हा ताल फसवताही येतो. मानसशास्त्रज्ञ मानोस त्साकिरिस यांनी २००८ मध्ये स्वयंसेवकांना पडद्यावर एक चेहरा दाखवला: त्यांचा स्वतःचा आणि दुसऱ्याचा मिसळून केलेला. पडद्यावरच्या गालाला स्पर्श होई, त्याच क्षणी यांच्याही गालाला. एवढ्यावर त्यांना त्या दुसऱ्याची ठेवणही थोडी आपलीशी वाटू लागली! स्पर्श मागेपुढे केला, की परिणाम नाहीसा.

आरशातला तो आपणच, हे कळल्याची एक खूण म्हणजे नाकावर नकळत लावलेला ठिपका आरशात पाहून स्वतःचं नाक चाचपणं. मुलांना हे साधारण दीड ते दोन वर्षांच्या वयात जमतं. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन गॅलप यांच्या १९७० च्या प्रयोगात चिंपांझींनीही भुवईच्या वर आणि कानावर लावलेला रंग असाच चाचपला.

मंद उजेडात आरशाकडे टक लावून बसलं, की चेहरा विद्रूप, परका दिसू लागतो. त्यावरून भुताखेतांच्या गोष्टी रचल्या जातात. पण नजर एका जागी खिळली की चेताकोशांचा (मेंदूला दृश्य कळवणाऱ्या पेशींचा) प्रतिसाद मंदावतो, बारकावे पुसट होतात आणि रिकाम्या जागा मेंदू अंदाजाने भरतो. यात बाहेरचं कुणी नसतं.

स्मृतिभ्रंशाचे काही रुग्ण मात्र स्वतःच्या प्रतिबिंबाला अनोळखी पाहुणा समजून बोलतात, आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलाला त्याच आरशात बरोबर ओळखतात.