बेळगाव सीमाभाग : परदेशी प्रदेशांशी तुलना

कर्नाटकाच्या वायव्य टोकाला, महाराष्ट्र आणि गोव्याला लागून असलेल्या बेळगाव (अधिकृत नाव बेळगावी) जिल्ह्यातील मराठी-कन्नड मिश्र वस्तीच्या पट्ट्याची भूरचना, हवामान आणि भाषिक जीवन यांची परदेशांतील प्रदेशांशी केली जाणारी तुलना. अशी तुलना कधी दिसण्यावरून केली जाते, तर कधी कारणांवरून. पहिली अधिक लोकप्रिय आहे, पण तिच्यातून प्रदेशाविषयी फारसे कळत नाही.

लोकप्रिय तुलनेचा ठळक नमुना म्हणजे घटप्रभा नदीवरील गोकाकचा धबधबा, ज्याला कर्नाटकाचा नायगारा म्हणण्याची प्रथा आहे. गोकाकची उंची सुमारे 52 मीटर आणि नायगाऱ्याच्या कॅनडाकडील मुख्य प्रपाताची सुमारे 57 मीटर. दोन्हींचा कडा घोड्याच्या नालासारखा वळलेला आहे. दिसण्यातले साम्य एवढ्यावरच संपते. नायगाऱ्याला एरी सरोवर बारा महिने पाणी पुरवते, तर घटप्रभा सह्याद्रीतील चार महिन्यांच्या पावसावर पोसते, त्यामुळे मे महिन्यात गोकाकला जाणाऱ्या पाहुण्याच्या वाट्याला बहुधा उघडा खडकच येतो. याउलट मानवी हस्तक्षेपाच्या बाबतीत दोन्ही ठिकाणे खरोखर जवळची आहेत, कारण दोन्हीकडे पाणी वीज आणि उद्योगासाठी वळवले गेले. नायगाऱ्यावर मात्र 1950 च्या अमेरिका-कॅनडा करारानुसार पर्यटन हंगामात ठरलेला किमान प्रवाह कड्यावरून सोडावा लागतो.

पर्जन्यमानाची तुलना अधिक सकस ठरते. घाटमाथ्यावरील आंबोलीत वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बेळगाव शहरात बारा-तेराशे, आणि आंबोलीपासून हवाई अंतराने सुमारे दीडशे किलोमीटरवर असलेल्या अथणीत जेमतेम पाच-सहाशे. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर साधारण तितक्याच अंतरात असाच उतार आढळतो : पश्चिम किनाऱ्यावरील होकिटिकात सुमारे 2,900 मिलीमीटर, तर पर्वतापलीकडच्या ख्राइस्टचर्चमध्ये सुमारे 600. समुद्रावरून येणारे वारे डोंगराला अडून पश्चिमेकडे पाणी ओततात आणि पूर्वेकडे कोरडे होऊन उतरतात, हे कारण दोन्हीकडे एकच आहे. फरक ऋतूचा आहे; न्यूझीलंडचे पश्चिमी वारे वर्षभर वाहतात, सह्याद्रीवरचे मोसमी. म्हणूनच खानापूर तालुक्यात भात आणि नाचणी, पूर्वेकडच्या काळ्या जमिनीत ज्वारी, आणि जिथे कालवा पोहोचला तिथे ऊस अशी पिकांची रांग लागते. भात आणि भाकरी यांची ही सीमा भाषेच्या सीमेशी जुळत नाही, हे नकाशा पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही.

भाषिक राजकारणात या भागाची तुलना प्रामुख्याने इटलीतील दक्षिण टायरोल आणि बेल्जियम यांच्याशी करता येते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचनेत बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेले. महाराष्ट्राने 814 गावांवर हक्क सांगितला. केंद्र सरकारने 1966 मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने त्यांपैकी 264 गावे महाराष्ट्राला द्यावीत, पण बेळगाव शहर म्हैसूरमध्येच राहावे अशी शिफारस केली. महाराष्ट्राने हा अहवाल नाकारला आणि 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. दक्षिण टायरोल पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेले. तेथील जर्मनभाषकांच्या हक्कांसाठी या दोन देशांत झालेला 1946 चा करार पुरेसा अमलात येत नाही म्हणून ऑस्ट्रियाने 1960 मध्ये हा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात नेला, 1972 मध्ये विस्तृत स्वायत्तता मिळाली आणि 1992 मध्ये वाद औपचारिकरीत्या मिटला. तेथे वाद दोन सार्वभौम राष्ट्रांचा होता, इथे एका संघराज्याच्या दोन घटकांचा आहे. त्यामुळे सीमाभागातील भाषणांत अधूनमधून येणारा टायरोलचा दाखला अर्धाच लागू पडतो. शिवाय शहर आणि खेडी यांचे नाते तेथे उलटे आहे. प्रांतात जर्मनभाषक सुमारे 69 टक्के असताना बोल्झानो शहरात इटालियन भाषकांचे प्राबल्य आहे, आणि ते इटलीच्या ताब्यानंतरच्या औद्योगिक वसाहतीतून आले. बेळगाव शहरातील मराठी वस्ती मात्र 1956 च्या कितीतरी आधीची आहे. जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार कन्नडभाषक सुमारे 68 टक्के आणि मराठीभाषक सुमारे 19 टक्के आहेत.

बेल्जियमचे उदाहरण अधिक जवळचे आहे, कारण तेथेही एकाच राज्यसंस्थेत गावनिहाय रेषा ओढली गेली. तेथे पूर्वी जनगणनेच्या आकड्यांनुसार डच आणि फ्रेंच यांच्यातील भाषासीमा सरकत असे. त्यातून वाद पेटल्याने 1947 नंतर जनगणनेत भाषा विचारणे बंद झाले आणि 1962-63 च्या कायद्यांनी रेषा कायमची गोठवली. फूरेन ही सहा गावे फ्रेंचभाषक लिएज प्रांतातून डचभाषक लिंबर्ग प्रांतात गेली, फ्रेंचभाषकांना प्रशासकीय सवलती ठेवण्यात आल्या, तरी पुढची कित्येक वर्षे गावांच्या पाट्यांवर रंग फासला जात राहिला. येळ्ळूर गावात ‘महाराष्ट्र राज्य’ असे लिहिलेली पाटी 2014 मध्ये हटवली गेली तेव्हा उसळलेला क्षोभ त्याच जातीचा होता. दक्षिण टायरोलमध्ये पाट्या द्विभाषी असतात. कर्नाटकात 2024 पासून दुकानांच्या फलकांवर 60 टक्के भाग कन्नडसाठी ठेवणे बंधनकारक आहे.

बोलीच्या पातळीवर मात्र तुलना बाल्कन प्रदेशाशी करावी लागते. तेथे ग्रीक, अल्बेनियन, रुमानियन आणि बल्गेरियन या भिन्न शाखांच्या भाषांनी शेजारामुळे व्याकरण वाटून घेतले आहे. सीमेजवळच्या सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी केलेला, 1971 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास भाषाशास्त्रात याच संदर्भात सांगितला जातो. मराठी, कन्नड आणि उर्दू यांचे शब्द वेगळे राहिले, पण वाक्याचा साचा इतका एक झाला की शब्दागणिक शब्द बदलून भाषांतर करता यावे, असे त्यांना आढळले. कोल्हापूरपासून बेळगावपर्यंतच्या पट्ट्यात बायकाही ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. कन्नडमध्ये उत्तमपुरुषी क्रियापदाला लिंगभेद नसतो.