पीएम-किसान आणि नमो शेतकरी : पैसे कोणाला मिळतात, वारसांनी काय करायचे?

महाराष्ट्रातल्या पात्र शेतकरी कुटुंबाला या दोन योजनांचे मिळून वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. केंद्राच्या पीएम-किसानचे सहा, राज्याच्या नमो शेतकरीचे सहा, दोन-दोन हजारांच्या हप्त्यांनी. नमोसाठी वेगळा अर्ज नसतो, पीएम-किसानच्या यादीवरूनच ते पैसे येतात. त्या यादीत नाव नसेल तर दोन्ही गेले.

मुख्य अट एकच : १ फेब्रुवारी २०१९ ला जमीन तुमच्या नावावर हवी. जमीन दोन हेक्टरपर्यंतच हवी ही आधीची मर्यादा २०१९ मध्येच निघाली. त्या तारखेनंतर विकत घेतलेली जमीन चालत नाही, मात्र खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसाने आलेली चालते. पती, पत्नी आणि १८ वर्षांखालची मुले मिळून एक कुटुंब, आणि लाभ त्यातल्या एकालाच. आयकर भरणारे, सरकारी नोकर आणि १० हजार किंवा जास्त पेन्शन घेणारे (दोन्हींत चतुर्थ श्रेणी वगळून), आजी-माजी आमदार-खासदार, व्यवसाय करणारे नोंदणीकृत डॉक्टर-वकील यांना लाभ नाही. चुकून मिळाला तर वसुली होते.

बटईने किंवा खंडाने शेती कसणाऱ्यालाही काही मिळत नाही. या योजनेतली ही सर्वांत मोठी उणीव आहे असे मला वाटते. घाम एकाचा आणि हप्ता सातबाऱ्यावरच्या नावाचा.

सगळ्यात जास्त अडकतात त्या नवरा गेलेल्या बाया. खातेदार वारला की त्याचा हप्ता आपोआप बायकोच्या नावे होत नाही, तिला नव्याने नोंदणी करावी लागते. त्याआधी वारस नोंद हवी, म्हणजे सातबाऱ्यावर वारसांची नावे लागायला हवीत. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती जोडून तलाठ्याकडे अर्ज द्या, ई-हक्क पोर्टलवरूनही देता येतो. हरकतीची १५ दिवसांची नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी फेरफार (जमिनीच्या नोंदीतला नावबदल) मंजूर करतात. दिवसपाण्याच्या गडबडीत हे मागे पडते, आणि मग भावकीत वाद निघाला की वर्षानुवर्षे तसेच राहते. म्हणून घरातल्या जाणत्या माणसाने हे काम लवकर हाती घ्यावे. मृत खातेदाराची माहितीही तालुका कृषी कार्यालयात कळवा, त्यांचे हप्ते पुढे उचलत राहू नका.

फेरफार झाला की सातबारा, आठ-अ, वारसाचा फेरफार, मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, कुटुंबातल्या सगळ्यांचे आधार आणि बँक पासबुक एकत्र करा. नव्या नोंदणीला फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) हीसुद्धा लागतो, तो सीएससी म्हणजे सामान्य सेवा केंद्रात निघतो. मग पीएम-किसान पोर्टलवर नवीन शेतकरी नोंदणी करायची. आधार आणि सातबाऱ्यावरचे नाव जुळते का, हे आधीच पाहून घ्या. एकीकडे माहेरचे नाव आणि दुसरीकडे सासरचे, एवढ्यावरूनही अर्ज अडकतो.

मंजुरीनंतर ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी, करावी लागते. मोबाइलला आधार जोडलेला असेल तर ओटीपीने, नाहीतर सीएससी केंद्रात अंगठा देऊन, किंवा पीएम-किसान अॅपमध्ये चेहरा दाखवून.

एवढे करूनही पैसे आले नाहीत तर बँकेत जाऊन "डीबीटीसाठी आधार सीडिंग आहे का?" असे नेमके विचारा. डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येणे, आणि सीडिंग म्हणजे त्यासाठी आधार खात्याला जोडणे. खाते उघडताना आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झाले असे नाही. दोन-तीन खाती असतील तर आधार ज्या खात्याशी जोडलेला आहे त्यातच हप्ता जातो, तेव्हा ते पासबुकही भरून पाहा. पोर्टलवर 'लाभार्थी स्थिती'मध्ये जमीन, ई-केवायसी आणि आधार सीडिंग या तिन्हींपुढे 'होय' दिसायला हवे. जिथे 'नाही' असेल तिथलेच काम करा : जमिनीसाठी तालुका कृषी कार्यालय, ई-केवायसीसाठी वर सांगितलेल्या पद्धतींपैकी एक, सीडिंगसाठी बँक. हेल्पलाइन १५५२६१.