नव्या स्पोर्ट्स कारला पीपीएफ आणि सिरॅमिक कोटिंग: कोण काय करतं

इंदूरला आजकाल विजयनगरकडच्या नाहीतर बायपासवरच्या कुठल्याही डिटेलिंग स्टुडिओत, म्हणजे गाडी चमकवून तिच्या रंगाला संरक्षण लावून देणाऱ्या दुकानात जा, नवी गाडी दिसली की पहिला प्रश्न ठरलेला, पीपीएफ करायचंय की सिरॅमिक? ऐकणाऱ्याला वाटतं एकाच कामाचे दोन प्रकार आहेत, एक महाग आणि एक स्वस्त, बजेट बघून ठरवा. आणि तिथेच गडबड होते, कारण दोघांची कामं पूर्ण वेगळी आहेत, आणि लो-स्लंग, म्हणजे जमिनीलगतची, स्पोर्ट्स कार असेल तर चुकीची निवड सहा महिन्यांत बंपरवर दिसायला लागते.

पीपीएफ म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म. टीपीयूची, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची, पारदर्शक आणि ताणली जाणारी फिल्म, जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). हा आकडा लक्षात ठेवा, कारण गाडीवरचा कंपनीचा सगळा पेंट, खालच्या प्रायमरपासून सगळ्यात वरच्या पारदर्शक थरापर्यंत, म्हणजे क्लिअरकोटपर्यंत, साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे फिल्म रंगापेक्षाही जाड. ही मूळची अमेरिकन लष्कराकडची वस्तू, व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळू-खड्यांचा मार बसायचा तो थांबवायला लावायचे, नंतर रेसिंगच्या गाड्यांवर आली आणि मग आपल्या गाड्यांवर.

सिरॅमिक कोटिंग हे बाटलीतलं लिक्विड, मुख्यतः सिलिकावर आधारलेलं. क्लिअरकोटला रासायनिक रीतीने चिकटतं आणि कडक थर होतो, पण तो थर असतो एक-दोन मायक्रॉनचा. आता पुढच्या डंपरमधून उडालेली गिट्टी शंभरच्या स्पीडला बोनेटवर आदळली तर एक-दोन मायक्रॉन तिला काय अडवणार? स्टुडिओवाले ९एच ९एच म्हणत असतात त्याने लोक फसतात. ते पेन्सिल टेस्टचं माप आहे, कमी-जास्त कडक पेन्सिली कोटिंगवर ओढून बघतात आणि ९एचवाल्या पेन्सिलीनेही ओरखडा आला नाही तर ९एच, बस. दगडाशी, किल्लीशी, शेजारच्या स्कूटरच्या हँडलशी त्याचा काही संबंध नाही.

मग सिरॅमिक बेकार का? अजिबात नाही! त्याचं काम धुळीचं, पाण्याचं आणि चमकेचं आहे. गाडी धुवायला निम्मा वेळ लागतो, पावसाळ्यात माळव्याची काळी माती उडाली तरी प्रेशरच्या पाण्याने बरीचशी निघून जाते, रंगपंचमीला कॉलनीतल्या पोरांनी रंग उडवला तर लगेच धुतल्यावर डाग बसायची शक्यता कमी, आणि कबुतरांनी घाण केली तर पुसायला थोडा जास्त वेळ मिळतो. थोडा जास्त, एवढंच. मे महिन्याच्या उन्हात ती घाण दिवसभर राहिली तर कोटिंगसकट क्लिअरकोट खाते.

आणि एक गोष्ट जी कोटिंग विकताना फारसं कोणी बोलत नाही ती म्हणजे पाण्याचे डाग. कोटिंगवर पाण्याचे मोत्यासारखे थेंब होतात, व्हिडिओत मस्त दिसतं, पण तोच थेंब उन्हात जागच्या जागी सुकला की पाण्यातले क्षार गोल डाग होऊन बसतात. ज्यांच्याकडे गाडी बोअरिंगच्या पाण्याने धुतली जाते त्यांनी हे मनावर घ्या, आपल्याकडचं बोअरिंगचं पाणी जड आहे, बादलीच्या कडेवर पांढरा थर बसतोच ना, तेच बोनेटवर बसणार. नर्मदेच्या नळाचं पाणी वापरा, सावलीत धुवा, आणि धुतल्या धुतल्या जाड मायक्रोफायबरने टिपून घ्या. कोटिंग आहे म्हणून पाणी आपोआप सुकू द्यायचं हे तर सगळ्यात वाईट.

आता स्पोर्ट्स कारला फिल्म का जास्त लागते ते बघा. नाक जमिनीच्या जवळ, म्हणजे पुढच्या ट्रकच्या चाकातून उडालेलं सगळं थेट तोंडावर. टायर रुंद आणि नरम, गरम झाले की खडी उचलतात आणि आपल्याच मागच्या मडगार्डवर फेकतात. पोर्श ९११ जवळून बघायला मिळाली तर मागच्या चाकाच्या अगदी पुढे, जिथे बॉडी बाहेर फुगते तिथे बोट फिरवून बघा, एक बारीकशी कड लागेल, ती पारदर्शक फिल्म कंपनीच लावून देते. ज्यांनी गाडी बनवली त्यांनाच माहितीये मार कुठे बसतो! एबी रोडने महूच्या पुढे मानपूरचा घाट उतरून महेश्वरला चार वेळा जाऊन आलात की फिल्म नसलेल्या बंपरवर पांढरे टिपके मोजायला लागाल.

चांगल्या टीपीयू फिल्मचा वरचा थर उष्णतेने भरून येतो, म्हणजे कपड्याचे बारीक ओरखडे उन्हात किंवा गरम पाणी टाकलं की नाहीसे होतात. खोल कट भरत नाही, तो पॅनल बदलावा लागतो, पण खालचा रंग वाचलेला असतो. स्वस्तात पीव्हीसीची फिल्म पीपीएफ म्हणून लावून देतात तिच्यापासून लांब रहा, ती भरून येत नाही आणि आपल्या उन्हात पिवळी पडते, पांढऱ्या गाडीवर तर फार वाईट दिसतं.

पण हे दोन्ही करण्याआधीचं काम सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि ते फुकट आहे. फिल्म असो की कोटिंग, खाली जे आहे ते तसंच बंद होतं. म्हणून शोरूमला आधीच सांगून ठेवा, व्हॉट्सअॅपवर का होईना पण लेखी, की गाडी धुवू नका, पॉलिश नको, फुकट दिलं तरी टेफ्लॉनचं कोटिंग नको. डिलिव्हरीच्या आदल्या संध्याकाळी घाईघाईत त्याच एका कपड्याने दहा गाड्या पुसतात आणि नव्या काळ्या बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे पडतात. आमच्या मामेभावाची गाडी ट्रेलरवरून उतरली तेव्हा त्याने ती धुळीतच बघायला मागितली, शोरूमवाल्यांना आवडलं नाही पण दाखवली. मोबाईल सेल्फी मोडवर टाकून पुढच्या लिपच्या, म्हणजे बंपरच्या खालच्या कडेच्या, खाली सरकवला तर डाव्या कोपऱ्यात रॅम्पला घासल्याची बोटभर खूण, उभं राहून ती कुणालाच दिसली नसती. डिलिव्हरी नोटवर लिहून घेतलं आणि लिप बदलून मिळाली. फिल्म लावल्यावर सापडली असती तर कोण मानणार होतं?

तर गाडी आधी उन्हात बघा, मग सावलीत एलईडी टॉर्च तिरकी धरून बघा. दाराच्या कडा, आरशांचे खालचे भाग, आणि जिथे ट्रेलरचे पट्टे बांधतात त्या रिम्स. पेंटची जाडी मोजायचं गेज स्टुडिओवाल्याकडे असतं, त्यालाच सोबत न्या, पण गेज अॅल्युमिनियमवर चालणारं हवं कारण या गाड्यांचे बरेच पॅनल अॅल्युमिनियमचे असतात, आणि प्लास्टिकच्या बंपरवर साधं गेज काहीच सांगत नाही, तिथे डोळेच लागतात. बाकी पॅनल १२० मायक्रॉन दाखवतात आणि एकच दार २५० दाखवतंय तर ते दार पुन्हा रंगवलंय, तिथेच थांबा आणि विचारा. टायर कधी बनला ते कळायला त्यावर DOT ने सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा, २२२५ असेल तर २०२५चा बाविसावा आठवडा. वाहतुकीत हवा जास्त भरलेली असू शकते, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे करून घ्या. चेसिस नंबर गाडीवरचा आणि बिलावरचा जुळवा. नंबर प्लेटसाठी बंपरला थेट भोकं पाडू देऊ नका, ब्रॅकेट मागा.

मग क्रम. आधी फिल्म, वरून कोटिंग. उलटं केलं तर पंचाईत, कोटिंग इतकं घसरतं असतं की फिल्मचा गोंद नीट धरत नाही आणि कडा उठतात. फिल्मवर मात्र कोटिंग छान बसतं. सगळ्या गाडीला चांगली टीपीयू म्हणजे सहज लाखाच्या वर जातं, तेवढं नसेल काढायचं तर माझं स्पष्ट मत आहे, पुढचा बंपर, पूर्ण बोनेट, हेडलाईट, आरसे, पुढचे मडगार्ड आणि मागच्या चाकांपुढचा भाग एवढ्यावर फिल्म, बाकी गाडीवर सिरॅमिक. अर्ध्या बोनेटची फिल्म नको, मधोमध रेघ दिसते आणि तिथे धूळ बसते. पूर्ण गाडीला नुसतं सिरॅमिक करून हायवेला काढणं मला पटत नाही, पैसे चमकेवर जातात आणि मार खाणारी जागा उघडीच राहते. फक्त शहरातल्या शहरात, पलासिया ते राजवाडा एवढीच गाडी फिरणार असेल तर गोष्ट वेगळी.

फिल्म प्लॉटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कापायच्या मशीनवर, कापणार की गाडीवरच ब्लेडने, हे आधी विचारा. ब्लेडवाला हात पक्का नसेल तर तुमच्या नव्या पेंटवर कायमची रेघ. पार्किंग सेन्सरवर फिल्म यायला नको, गोल कापून मोकळे ठेवायला सांगा. रंगीत पीपीएफ घेणार असाल तर आरसीत रंग बदलून घ्यायचं बघा, पारदर्शक फिल्मला तो प्रश्नच नाही. लावल्यावर काही दिवस आत पाण्याचे बारीक फुगे दिसतील, घाबरू नका, सुकतात, सुई टोचू नका. कोटिंग झाल्यावर पहिला दिवस गाडीला पाणी लागू देऊ नका आणि आठवडाभर शॅम्पू नको. बिलावर फिल्मचा ब्रँड आणि रोल नंबर लिहून घ्या आणि कंपनीच्या साईटवर वॉरंटी तुमच्या चेसिस नंबरवर चढलीय का ते स्टुडिओतून निघण्याआधी तिथेच मोबाईलवर बघा.