सुकाणू, कर्णधार, तांडेल

नौकेची दिशा आणि तिच्यावरचा अधिकार सांगणारे मराठी शब्द. बोलताना ते एकमेकांच्या जागी येतात, पण प्रत्येकाचे काम वेगळे आहे.

सुकाणू म्हणजे नौकेच्या मागच्या टोकाला, पाण्यात उभी टांगलेली फळी. शब्द अरबी ‘सुक्कान’वरून आला; ते धरणारा तो सुकाण्या. लहान होडीत सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. नवशिक्याचा हात इथेच चुकतो. होडी पाण्यावर स्थिर असेल तर दांडा कितीही फिरवा, ती जवळपास जागची हलत नाही, कारण फळीवरून पाणी वाहिल्याशिवाय सुकाणू चालत नाही. वल्ह्याचे तसे नाही. ते गतीही देते आणि वळवतेही. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात रंगवलेल्या तीन डोलकाठ्यांच्या जहाजाला दिशा देणारी वल्हीच आहेत. हिंदीतले ‘पतवार’ मुळात सुकाणूच. मराठीत ते वल्ह्यासाठी वापरू नये.

कर्णधार हा संस्कृत शब्द. त्यातला ‘कर्ण’ महाभारतातला नव्हे; कानाबरोबरच सुकाणू असाही त्या शब्दाचा अर्थ आहे. म्हणजे कर्णधार अक्षरशः सुकाण्याच. आज मात्र तो समुद्र सोडून मैदानावर आला आहे. १९७१ मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकणारे अजित वाडेकर भारतीय क्रिकेट संघाचे कर्णधार होते, हे सांगताना कोणाला नौका आठवत नाही. जहाजाच्या प्रमुखाला आपण पोर्तुगीजांकडून आलेला ‘कप्तान’ म्हणतो.

कोकण किनाऱ्यावर बोलीत खरे चालतात ते तांडेल आणि नाखवा. नाखवा फार्सी ‘नाखुदा’वरून आला, म्हणजे नावेचा धनी. तांडेल समुद्रात खलाशांवर हुकूम चालवतो. जाळे कुठे टाकायचे, कधी परतायचे, हे तो ठरवतो. मालक स्वतःच बोट नेत असेल तर दोन्ही एकच माणूस, पण बोट दुसऱ्याची असली तरी तांडेल तांडेलच राहतो. म्हणून प्रत्येक तांडेलाला नाखवा म्हणणे बरोबर नाही.

लाक्षणिक अर्थाने सर्वांत रुळला तो सुकाणू: ‘संस्थेचे सुकाणू हाती घेणे’, ‘सुकाणू समिती’. समितीसाठी हा शब्द नेमका आहे. ती दिशा ठरवते, वल्ही मारायची ती इतरांनी.