नेटवर्क रॅकची जागा : गोव्यातील पूर्वतयारी

संगणकांचे जाळे जोडणारे स्विच आणि राउटर, केबली येऊन मिळतात तो पॅच पॅनल, यूपीएस अशी उपकरणे एकावर एक बसवण्याच्या लोखंडी चौकटीला रॅक म्हणतात. ही चौकट उभी करण्याआधी खोली, जमीन, वीज, अर्थिंग (जादा वीज जमिनीत उतरवणारी जोड), हवा आणि केबलच्या वाटा नीट करून घ्याव्या लागतात. या कामाला धंद्यातली माणसे ‘साइट रेडी करणे’ म्हणतात. ते जगभर साधारण एकाच पद्धतीने होते. गोव्यात मात्र त्याला एक अडचण आहे. इथली जागा मे महिन्यात एक असते आणि जुलैत दुसरीच. मेमध्ये चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, जमीन हाडासारखी कोरडी पडते आणि अर्थिंग दगा देते. जुलैत भिंतींना पाझर फुटतो आणि हवाच उपकरणांवर उठते. एकाच ऋतूत तपासून ‘रेडी’ ठरवलेली जागा म्हणून अर्धीच तपासलेली असते.

मापे. प्रचलित रॅक १९ इंची असतो. म्हणजे उपकरणाची दर्शनी पट्टी ४८२.६ मिलिमीटर रुंद असते. उंची ‘यू’ या एककात मोजतात. १ यू म्हणजे १.७५ इंच, अर्थात ४४.४५ मिलिमीटर. ४२ यूचा उभा रॅक बाहेरून सुमारे २ मीटर उंच भरतो. पंचायत किंवा शाळेच्या कार्यालयात ६ किंवा ९ यूचा भिंतीवरचा रॅक पुरतो. जुनी टेलिफोन एक्स्चेंजे रिले असल्याच चौकटींत बसवत, तिथून हे माप संगणकाच्या दुनियेत आले. दोन मीटरचा रॅक जिन्याच्या वळणावर आडवा होतो का, हे टेम्पो दारात येण्याआधी टेपने मोजावे. हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

जागा निवडणे. इमारतीत जी खोली कोणालाच नको असते ती नेटवर्कच्या वाट्याला येते. जिन्याखालची, संडासाला लागून असलेली, नाहीतर जुन्या नोंदवह्यांची. गोव्यात यातली पहिली दोन सरळ नाकारावीत. वर पाण्याची टाकी, शेजारी नळ किंवा माथ्यावर सांडपाण्याचा पाइप असलेली खोली कितीही ऐसपैस असली तरी ती रॅकची नव्हे. पणजीसारख्या सखल शहरात मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की रस्त्यावरचे पाणी उतरायला जागा राहत नाही. तिथे तळमजला टाळावा. टाळता येत नसेल तर रॅक चौथऱ्यावर घ्यावा आणि यूपीएसच्या बॅटऱ्या त्याहून वर.

जुन्या पोर्तुगीजकालीन घरांत आता कार्यालये, हॉटेले, ग्रंथालये आहेत. दीड-दोन फूट जाडीच्या चिऱ्याच्या भिंतींमुळे ती घरे दिसायला भक्कम असतात. तरी तिथे दोन गोष्टी पाहाव्या लागतात. वरच्या मजल्याची जमीन बहुधा लाकडी असते. भरलेला रॅक यूपीएससकट ५०० किलोंचा धरला आणि त्याचा पाया ०.६ गुणिले १ मीटर असला, तर दर चौरस मीटरवर ८०० किलोंपेक्षा जास्त भार येतो. कार्यालयाच्या काँक्रीटच्या जमिनीसाठीसुद्धा साधारण २५० ते ४०० किलो प्रति चौरस मीटर इतकाच भार हिशेबात धरलेला असतो. रॅकचा सगळा भार चार पायांवर उतरतो, तेव्हा खाली भार वाटून देणारी पोलादी चौकट घालावी, आणि लाकडी जमीन असेल तर संरचना अभियंत्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊच नये. दुसरी गोष्ट छप्पर. मंगळुरी कौले माकडांनी हलवली की गळती कुठून सुरू होईल ते सांगता येत नाही. कौलांखाली रॅक ठेवायचाच असेल तर वर स्वतंत्र पत्रा घालून त्याचा उतार भिंतीकडे काढून द्यावा.

भिंतीवरच्या रॅकचा प्रश्न आणखी वेगळा. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत पडून कडक होत जातो. तरी तो सच्छिद्रच राहतो, आत मातीचे कप्पे असतात. काँक्रीटमध्ये घट्ट बसणारा, आत फाकणारा बोल्ट चिऱ्यात फिरत राहतो. ड्रिल मारताना लाल भुकटीऐवजी ओलसर माती बाहेर आली, तर ते भोक सोडून द्यावे. आरपार बोल्ट घेऊन मागे पोलादी पट्टी लावणे सर्वांत खात्रीचे. ते जमत नसेल तर रासायनिक अँकर, म्हणजे भोकात राळ भरून पक्का केलेला बोल्ट, वापरावा. नऊ यूचा रॅक लाकडी गुट्ट्या आणि स्क्रूंवर लटकवणारे सुतार अजून भेटतात. स्विच नवीन असेपर्यंत तो टिकतो, वर यूपीएस चढवला की खाली येतो.

अर्थिंग. गोव्यातल्या साइट-तयारीत सर्वांत जास्त डोके इथे लागते. वेर्ण्याच्या पठारासारख्या सड्यावर वरचा थर जांभ्याचा आहे. उन्हाळ्यात तो कोरडा पडला की विजेला जमिनीत उतरायला वाट देत नाही. याउलट नदीकाठच्या खाजनात, म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेल्या खाऱ्या शेतजमिनीत, माती बारमाही ओली आणि खारट असते. तिथे रोध, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, सहज कमी मिळतो, पण तोच खार लोखंडी पाइप खाऊन टाकतो. सड्यावर रोधाची काळजी, खाजनात इलेक्ट्रोडच्या आयुष्याची. दोन्हीकडे एकच ठरीव नमुना वापरणारा ठेकेदार एका ठिकाणी तरी चुकतोच.

भारतात अर्थिंगसाठी आयएस ३०४३ हे मानक पाळतात. त्यात तांब्याची ६०० गुणिले ६०० मिलिमीटरची, ३.१५ मिलिमीटर जाड प्लेट किंवा सुमारे अडीच मीटर लांबीचा जस्तलेपित पाइप पुरण्याची पद्धत दिली आहे. भोवती कोळसा आणि मिठाचे थर घालण्याची रीत जुनी आहे. मीठ पावसाने वाहून जाते, म्हणून हल्ली बेंटोनाइटसारखी पाणी धरून ठेवणारी भर घालतात. सड्यावर एक खड्डा पुरत नाही. दोन-तीन खड्डे इलेक्ट्रोडच्या लांबीइतके तरी अंतर ठेवून खणावेत आणि पट्टीने जोडावेत. रोधाची मर्यादा कंत्राटात बहुधा १ ते ५ ओहमच्या दरम्यान लिहिलेली असते. प्रश्न ती कधी मोजायची हा आहे. जुलैत खड्डा तुडुंब भिजलेला असताना काढलेला आकडा कागदावर शोभतो, पण तो काही सिद्ध करत नाही. मोजमाप मेच्या मध्यात, खड्ड्यात पाणी न ओतता करावे. मीटर घेऊन माणूस येणार म्हटल्यावर पहाटेच दोन बादल्या ओतून ठेवण्याची चलाखी सगळ्यांना ठाऊक आहे. चेंबरचे झाकण उघडून माती चिमटीत धरली की ती उघडी पडते.

‘नेटवर्कची स्वच्छ अर्थिंग’ म्हणून रॅकसाठी वेगळा खड्डा खणतात आणि तो इमारतीच्या मुख्य अर्थिंगला मुद्दाम जोडत नाहीत. हे घातक आहे. जवळपास वीज पडली की दोन खड्ड्यांच्या विभवात हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो. तो फरक भरून काढायला विजेला एकच वाट असते : रॅकमधली उपकरणे आणि त्यांच्या केबली. खड्डे कितीही असोत, सगळे एका पट्टीवर जोडलेलेच हवेत. रॅकची चौकट, दारे, केबलचे ट्रे आणि फायबर केबलचे धातूचे चिलखतही त्याच पट्टीला बांधावे. रंग दिलेल्या पृष्ठभागावर वॉशर आवळून जोड होत नाही, रंग खरवडावा लागतो.

पावसाळ्यापूर्वीच्या मे महिन्यात आणि परतीच्या पावसात, विशेषतः सत्तरी, धारबांदोडा, सांगे या घाटालगतच्या तालुक्यांत, विजांचा कडकडाट नेहमीचा. मुख्य फलकावर लाट-रोधक (विजेचा अचानक उसळलेला दाब, म्हणजे लाट, अडवणारे साधन) बसवणे तिथे ऐच्छिक समजू नये. बाहेरच्या कॅमेऱ्यापर्यंत किंवा समोरच्या इमारतीपर्यंत तांब्याची केबल ओढण्यापेक्षा फायबर टाकावे. काचेतून लाट येत नाही.

वीज. रॅकला वातानुकूलन यंत्राच्या सर्किटवरून जोड देऊ नये. फलकापासून स्वतंत्र तार, स्वतंत्र एमसीबी (प्रवाह जादा झाला की आपोआप पडणारा स्विच), आणि दोन वीज-पुरवठे असलेल्या उपकरणांसाठी शक्यतो दोन वेगळ्या वाटा घ्याव्यात. गळतीचा मुद्दा मात्र थोडा समजून घेण्यासारखा आहे. संगणकीय उपकरणांच्या फिल्टरमधून थोडा प्रवाह नेहमीच अर्थवायरीत जातो. पिनने जोडायच्या साध्या उपकरणाला ३.५ मिलिअँपिअरची मर्यादा असते. दहा उपकरणे एका ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर, म्हणजे गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचवर, घातली की कोणताही दोष नसताना तो खटकन पडू शकतो. मग कोणीतरी वैतागून आरसीसीबीच बायपास करतो. खरे उत्तर सर्किटे विभागणे हे आहे. आणि याच कारणाने अर्थवायर तुटली तर हा सगळा साठलेला प्रवाह रॅकच्या दाराला हात लावणाऱ्या माणसातून जातो.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा झाडे तारांवर पडून गोव्यात ठिकठिकाणी वीज गेली. अशा वेळी अर्ध्या तासाचा यूपीएस पुरत नाही, जनरेटरची जोड आधीच काढून ठेवावी. सीलबंद शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य २५ अंशांवर गृहीत धरलेले असते आणि दर १० अंश वाढीला ते साधारण निम्मे होते. बॅटऱ्या बंद कपाटात कोंडू नयेत. चार्जिंगमध्ये थोडा हायड्रोजन सुटतो, त्याला वाट हवी.

हवा, ओलावा, खार. उष्णतेचा हिशेब सोपा आहे. रॅकला जेवढे वॅट जातात जवळजवळ तेवढीच उष्णता खोलीत सुटते. १ टन वातानुकूलन म्हणजे ३.५ किलोवॅट. कॅमेरे किंवा टेलिफोन यांना स्विच केबलमधून जी वीज पुरवतो तिची उष्णता मात्र त्या त्या ठिकाणी सुटते, ती वजा करावी. उपकरणांत शिरणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंश सेल्सिअस ही शिफारस सर्वमान्य आहे.

गोव्यात तापमान सांभाळणे त्या मानाने सोपे, ओलावा अवघड. पावसाळ्यात बाहेरची हवा ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असली तर तिचा दवबिंदू सुमारे २७ अंश असतो. त्याहून थंड कोणत्याही धातूवर ती हवा पाणी सोडते. वातानुकूलित गोदामातला जादा स्विच थंडगार गाडीतून वाळपईला न्यावा आणि कार्यालयाच्या ओटीवर खोके उघडावे : झाकणावर आधी धूसर वाफ धरते, मग कडेने थेंब जमतात, आणि आतल्या कार्डांवरही तेच घडत असते. खोके बंदच ठेवून काही तास खोलीत राहू द्यावे आणि मगच उघडावे. चालू उपकरण स्वतःच्या उबेने वाचते, बंद पडलेले वाचत नाही. म्हणून वीज गेल्यावर ‘हवा खेळू दे’ म्हणून खिडक्या उघडणे जुलैत चूकच.

साध्या स्प्लिट एसीची गोम अशी, की पावसाळ्यात बाहेर गारवा असल्याने खोली पटकन थंड होते, कॉम्प्रेसर थांबतो आणि हवेतला ओलावा तसाच राहतो. तापमान २२ दिसते, भिंत ओली असते. लहान खोलीत वेगळे आर्द्रता-शोषक यंत्र ठेवणे अंती स्वस्त पडते. एसी रॅकच्या माथ्यावर लावू नये. त्याच्या निचऱ्याच्या नळीत शेवाळ साचले की पाणी सरळ खाली उतरते.

किनाऱ्यालगत, मिरामार, कळंगुट, कोलवा या भागांत, त्यात खाराची भर पडते. सुके मीठ कार्डावर निमूट बसून राहते. आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की साधे मीठ हवेतले पाणी ओढून विरघळते आणि वीजवाहक होते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्याने ते त्याआधीच ओल धरू लागते. म्हणून खिडकीत एक्झॉस्ट फॅन लावून बाहेरच्या हवेने थंडावा आणण्याची युक्ती, जी कोरड्या मुलुखात वीज वाचवते, ती इथे महागात पडते. खोली बंद ठेवावी, आतलीच हवा फिरवावी. केज नट (रॅकच्या चौकोनी भोकांत बसणारे नट) आणि स्क्रू चांगल्या जस्तलेपाचे घ्यावेत. स्वस्तातले वर्षभरात गंजून असे धरतात, की स्विच काढताना कापावे लागतात.

केबलची वाट आणि उभारणी. बाहेरून येणाऱ्या केबलचे भोक बाहेरच्या बाजूला उतरते पाडावे आणि केबलला आत शिरण्यापूर्वी खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाते. झोळ नसला की पावसाचे पाणी केबल धरून थेट पॅच पॅनलपर्यंत येते. भोक भरताना उंदरांचा विचार करावा. नुसता फोम ते कुरतडतात, सोबत तारेची जाळी कोंबावी. वाळवीसाठी लाकडी फळ्या आणि पुठ्ठ्याची खोकी खोलीत ठेवूच नयेत.

गिलावा, रंग, फरशी, छत हे सगळे संपून धूळ झाडल्यावरच उपकरणे आणावीत. सिमेंटची भुकटी पंख्यात गेली की परत निघत नाही. रॅकसमोर साधारण १ मीटर आणि मागे माणूस वाकून काम करू शकेल इतकी जागा सोडावी, पाये समपातळीत आणून जमिनीला बोल्ट करावेत. जड वस्तू तळाशी, आणि पाणी शिरण्याची भीती नसेल तर यूपीएस सर्वांत खाली. सरकपट्टीवर एका वेळी एकच उपकरण बाहेर ओढावे, दोन ओढली की रिकामा वाटणारा रॅकही पुढे झुकतो. मोकळ्या यूंवर झाकणपट्ट्या लावाव्यात, नाहीतर मागची गरम हवा फिरून पुढे येते. कार्डे हाताळताना मनगटाचा अर्थ-पट्टा बांधावा. फायबरच्या टोकात डोकावू नये. त्यातला १३१० किंवा १५५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, इजा मात्र करू शकतो. दाराजवळ कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक टांगावा, पाण्याचा नव्हे.

दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवण्याची पद्धत काही जुन्या तंत्रज्ञांनी टिकवली आहे. त्यावर दोनच रकाने असतात : मेमध्ये मोजलेला अर्थिंगचा रोध आणि जुलैत खोलीत नोंदलेली आर्द्रता, वर्षागणिक. रोधाचा आकडा दरसाल चढत गेला की खड्डा उघडायची वेळ झाली असे समजतात.