ओझोन घटला की डिफ्युझर काळवंडला?

ऑक्टोबर १९७८ मध्ये नासाचा निंबस-७ उपग्रह कक्षेत गेला. त्यावरची टॉम्स आणि एसबीयूव्ही ही उपकरणं ओझोन मोजत होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांच्या आकड्यांत जगभरचा ओझोन वेगाने घटताना दिसू लागला. जमिनीवरून ओझोन मोजणारी जुनी यंत्रं, डॉब्सन स्पेक्ट्रोफोटोमीटर, हीही घटच दाखवत होती, पण एवढी मोठी नाही. मग खरं कोणाचं?

गोम मोजण्याच्या रीतीतच होती. ही उपकरणं पृथ्वीवरून परतणारे अतिनील किरण मोजतात आणि त्यांना थेट सूर्याकडून आलेल्या किरणांनी भागतात. यात मोठी सोय आहे. आरसे, भिंगं, प्रकाश टिपणारे शोधक जुने होऊन मंदावले, तरी दोन्ही मोजमापं सारखीच घटतात आणि भागाकार तोच राहतो. पण सूर्याचा प्रखर प्रकाश थेट आत घेता येत नाही. तो डिफ्युझर नावाच्या खरबरीत अॅल्युमिनियमच्या पट्टीवरून विखुरून घ्यावा लागतो. ही पट्टी फक्त सूर्याच्या वाटेवर असते. अतिनील माऱ्याने ती हळूहळू काळवंडते, तीही आखूड तरंगलांबीला जास्त. नेमकी तीच तरंगलांबी ओझोन अधिक शोषतो. सूर्य फिका भासतो, भागाकार फुगतो आणि निष्कर्ष निघतो की ओझोनने कमी किरण गिळले, म्हणजे ओझोनच कमी आहे. झिजलेल्या वजनाने तोललं की माल जास्त भरतो, तसंच हे.

काळवंडण्याची दुरुस्ती केली जात होती, पण ती अपुरी पडली. १९८८ मध्ये ओझोन ट्रेंड्स पॅनेल या शास्त्रज्ञांच्या समितीने जमिनीवरच्या नोंदींशी ताळा घालून हे स्पष्ट केलं. ओझोन खरोखर घटत होता. फुगली होती ती घटीची मात्रा. उपग्रहाचे आकडे जमिनीवरच्या जुन्या यंत्रांनी तपासावे लागले, हे मला या गोष्टीतलं सगळ्यांत रंजक वाटतं.

धडा लगेच कामी आला. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाच्या मिटिऑर-३ उपग्रहावरून गेलेल्या टॉम्सला तीन डिफ्युझर दिले होते: एक सतत वापरायचा, दुसरा क्वचित, तिसरा त्याहूनही क्वचित. तिघांतला फरक बघितला की वापरातला किती काळवंडला ते कळतं.

सगळे बिघाड मात्र असे आधी ओळखता येत नाहीत. युरोपच्या एन्व्हिसॅट उपग्रहावरच्या शियामाकी या हवेतले वायू मोजणाऱ्या उपकरणाच्या अवरक्त शोधकांवर बर्फाचा थर जमायचा. तो घालवायला शोधक अधूनमधून तापवावे लागत. २००४ मध्ये ऑरा उपग्रहावरून गेलेल्या ओमी या ओझोन मोजणाऱ्या उपकरणाच्या दृष्टिक्षेत्राचा काही भाग २००७ पासून झाकला जाऊ लागला. बहुधा उष्णतारोधक आवरणाचा तुकडा सुटून आडवा आला असावा. तिथे जाऊन तो बाजूला कोण करणार? झाकल्या गेलेल्या भागाची मोजमापं गाळून उरलेली वापरावी लागली.

म्हणूनच जुनं उपकरण चालू असतानाच नवं पाठवणं, ही चैन नव्हे. २०१७ मध्ये ट्रोपोमी हे तसंच नवं उपकरण कक्षेत गेलं तेव्हा ओमी काम करत होतं, त्यामुळे एकाच हवेची दोघांची मोजमापं शेजारी ठेवून तपासता आली. मध्ये खंड पडला असता, तर दोन मालिकांतला फरक हवेतला की यंत्रांतला, हे ठरवायला पुन्हा जमिनीकडेच वळावं लागलं असतं.